ए२ दूध खरोखरच पचायला हलके असते का?

प्रश्न – गोदाकाठ

नमस्कार. मी नाशिकला राहतो आणि माझे वय ५२ आहे. आमच्याकडे रोज दीड लिटर गाईचे पिशवीचे दूध येते. चहा मला बाधत नाही, जेवणातले दही-ताकही बाधत नाही; परंतु सकाळी नुसते पेलाभर दूध घेतले की तास-दीड तासात पोट फुगते, गुडगुड सुरू होते आणि एखाद्या दिवशी घाईघाईने शौचालाही जावे लागते. तिशीपर्यंत मी रोज दोन पेले दूध पीत असे आणि तेव्हा असा त्रास कधीच झाला नव्हता.

गेल्या महिन्यापासून आमच्या वसाहतीत एक तरुण गीर गाईंचे दूध काचेच्या बाटलीतून घालू लागला आहे. भाव लिटरला ११० रुपये, म्हणजे पिशवीच्या जवळजवळ दुप्पट. बाटलीच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेल्या कार्डावर लिहिले आहे की संकरित गाईच्या ए१ दुधातून पोटात अफूसारखे विष तयार होते आणि देशी गाईच्या ए२ दुधातून ते होत नाही. मी चार दिवस ते दूध घेऊन पाहिले आणि काहीच त्रास झाला नाही. मी हुरळून गेलो होतो. पण महागाचे दूध म्हणून त्या चार दिवसांत आपण अर्धाच पेला भरत होतो, हे सौभाग्यवतींनी नंतर सांगितले.

माझे प्रश्न असे आहेत. ए१ आणि ए२ यांत नेमका फरक काय? माझ्या पोटाचा त्रास त्या फरकामुळे असू शकतो का? आणि तोच तरुण ए२ तूपही विकतो, त्याचे काय करावे?

उत्तर – दूधपरीक्षक

मी दुग्धतंत्रज्ञान शिकलो आणि वीस वर्षे दुधाच्या प्रयोगशाळेत काम केले, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के भाग केसीन या गटाचा असतो आणि त्यातील एक मोठा घटक म्हणजे बीटा केसीन. पाव लिटर दुधात ते साधारण दोन-सव्वादोन ग्रॅम भरते. हे प्रथिन म्हणजे २०९ अमिनो आम्लांची माळ आहे असे समजा. ए२ प्रकारात या माळेतील ६७वा मणी प्रोलीन असतो आणि ए१ प्रकारात त्याच जागी हिस्टिडीन असतो. या दोहोंतला फरक एवढाच. मूळचा प्रकार ए२ असून काही हजार वर्षांपूर्वी युरोपातील गुरांमध्ये जनुकातील एक अक्षर बदलले आणि ए१ अस्तित्वात आला.

एका मण्याने काय बिघडते, हा प्रश्न रास्त आहे. प्रोलीनजवळचा दुवा आपल्या पाचक विकरांना (एन्झाइमना) सहजासहजी तोडता येत नाही, पण हिस्टिडीन असेल तर तिथे माळ तुटते आणि ६०व्या ते ६६व्या मण्यांचा सात मण्यांचा एक तुकडा सुटा होऊ शकतो. त्याला बीटा-कॅसोमॉर्फिन-७, थोडक्यात बीसीएम-७ म्हणतात. दुधातील हे कॅसोमॉर्फिन तुकडे १९७९ साली जर्मनीतील संशोधकांनी प्रथम दाखवून दिले. अफूतील मॉर्फिन शरीरातील पेशींवरच्या ज्या ग्राहकांना (रिसेप्टरना) जाऊन चिकटते, त्याच ग्राहकांना हा तुकडाही चिकटतो, मात्र त्याचा जोर मॉर्फिनच्या मानाने फारच कमी असतो. कार्डावरचे 'अफूसारखे विष' येथून आलेले आहे. 'अफूसारखे' या शब्दाला थोडाफार आधार आहे, 'विष' या शब्दाला मुळीच नाही. असे ग्राहक आतड्यातही असतात. जुलाब थांबवण्यासाठी दिली जाणारी लोपेरामाइडची गोळी त्यांच्यावरच काम करून आतड्याची हालचाल मंदावते. त्यामुळे ए१ दुधाचा पचनावर परिणाम होऊ शकतो, ही कल्पना तर्काला सोडून नाही.

आता पुराव्याकडे वळू. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे ४१ प्रौढांना आळीपाळीने दोन-दोन आठवडे केवळ ए१ आणि केवळ ए२ बीटा केसीन असलेले दूध देऊन पाहिले गेले आणि तो प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. ए१ घेताना शौच काहीसे अधिक पातळ झाले. वाचणाऱ्याने येथे क्षणभर थांबायला हवे, कारण अफूसारखा परिणाम खरा मानला तर शौच घट्ट व्हायला हवे होते. शांघायमध्ये ४५ जणांवर केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ए१ असलेल्या नेहमीच्या दुधाने पोटफुगीसारख्या तक्रारी वाढल्या आणि अन्नाचा आतड्यातील प्रवास लांबला. पुढे चीनमध्येच ६०० जणांवरील मोठ्या चाचणीतही ए२ दुधाच्या बाजूने निष्कर्ष निघाला. म्हणजे काही लोकांना फरक जाणवतो, एवढे मी मान्य करतो. मात्र हे तिन्ही प्रयोग ए२ दूध विकणाऱ्या उद्योगाच्या पैशातून झाले आहेत, आणि केवळ तेवढ्याने ते खोटे ठरत नसले तरी त्यांचे वजन करताना ही गोष्ट पारड्यात टाकावीच लागते.

मधुमेह, हृदयविकार, स्वमग्नता इत्यादींचे जे दावे केले जातात, त्यांची छाननी युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००९ साली केली आणि बीसीएम-७ व हे आजार यांच्यात कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष काढला.

आपल्या पोटाबद्दल मात्र माझा संशय वेगळ्याच घटकावर आहे. चहा चालतो, दही-ताक चालते, पेलाभर दूध चालत नाही आणि त्रास तिशीनंतर सुरू झाला, हे सारे वर्णन लॅक्टोजकडे बोट दाखवते. दुधातील ही साखर पचवणारे लॅक्टेज नावाचे विकर वयाबरोबर बहुतेक माणसांत कमी होत जाते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचली की तेथील जिवाणू तिच्यावर ताव मारतात, वायू तयार होतो, आतड्यात पाणी ओढले जाते, आणि आपण लिहिलेले सारे घडते. पाव लिटर दुधात सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज असते, चहाच्या कपात दोन-अडीच ग्रॅम. दह्यात ते थोडे कमी झालेले असते आणि विरजणातले जिवाणू उरलेले पचवायला हातभार लावतात. दूध गीर गाईचे असो वा होल्स्टीन या विदेशी गाईचे, लॅक्टोज दोन्हींत जवळपास सारखेच असते. अर्ध्या पेल्याने त्रास झाला नाही, हे तर सौभाग्यवतींनी नकळत केलेले अचूक निदानच म्हणावे लागेल.

तुपाबद्दल एका वाक्यात सांगतो. ए१ आणि ए२ हे प्रथिनाचे प्रकार आहेत आणि नीट कढवलेल्या तुपात प्रथिन जवळपास नसतेच.

उत्तर – माणदेशी

दूधपरीक्षक साहेबांनी शास्त्र सांगितले, मी गोठ्यातली बाजू मांडतो. आमच्याकडे ११ संकरित होल्स्टीन गाई आहेत आणि वडिलांच्या हौसेखातर ठेवलेली एक खिलार. देशी म्हणजे ए२ आणि संकरित म्हणजे ए१, अशी सरळ वाटणी लोक करतात ती चुकीची आहे. प्रत्येक जनावरात या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. त्यामुळे गाय ए१ए१, ए१ए२ किंवा ए२ए२ यांपैकी काहीही असू शकते, आणि मधल्या प्रकारच्या गाईच्या दुधात दोन्ही प्रथिने उतरतात.

दोन वर्षांपूर्वी मुलाच्या आग्रहामुळे आम्ही सगळ्या गाईंच्या शेपटीचे केस तपासणीला पाठवले. केस कापून चालत नाहीत, मुळासकट उपटावे लागतात, कारण पेशी मुळाशी असतात. गाईने त्या दिवशी लाथ मारली नाही असा गोठ्यात एकही माणूस उरला नव्हता. निकाल आला तेव्हा ११ संकरित गाईंपैकी चार ए२ए२ निघाल्या, पाच मिश्र आणि केवळ दोन ए१ए१. म्हणजे ज्यांना गावात जर्सी-होल्स्टीनचे पाणचट दूध म्हणून नावे ठेवतात, त्यांतल्या चार गाई शुद्ध ए२ दूध देत होत्या आणि ते दूध इतर गाईंच्या दुधाबरोबर एकाच कॅनमध्ये संकलन केंद्रावर जात होते. केंद्रावर फॅट आणि डिग्री (दुधाचा दाटपणा) पाहतात, ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरणारा घन भाग, या हिशोबाने दर लावतात. बीटा केसीन कोणत्या प्रकारचे आहे, हे विचारायला तिथे कोणाला ना वेळ ना यंत्र.

याची दुसरी बाजूही सांगतो. वशिंडाची गाय दिसली म्हणून ती ए२ए२च असेल याची शंभर टक्के हमी कोणी देऊ नये. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आपल्या देशी गोवंशात ए२ जनुकाचे प्रमाण ९८ टक्क्यांहून अधिक आढळले होते, तेव्हा अस्सल देशी गाय बहुधा ए२च असणार. पण गेली पन्नास वर्षे गावोगावी कृत्रिम रेतन झाले आहे, आणि तीन पिढ्यांपूर्वी कोणत्या वळूच्या वीर्याची काडी भरली होती हे आज कोण सांगणार? रंग तांबडा आणि कान लांब असले की बाजारात ती गीर म्हणून खपते. आपल्या बाटलीवाल्याकडे प्रत्येक गाईचा तपासणी अहवाल असेल तर तो पाहा आणि नसेल तर विचारा. प्रामाणिक माणसाला याचा राग येणार नाही.

त्या पाहणीतली एक गोष्ट मात्र कोणी बाटलीवर छापत नाही. तपासलेल्या सगळ्या म्हशी ए२ए२ निघाल्या होत्या. म्हणजे आपले आजोबा रोज रात्री म्हशीचे निरसे दूध पीत होते ते ए२च होते, आणि त्याला कोणी जादा भाव दिला नव्हता. जादा फॅटचा मिळे तेवढाच.

भावाबद्दल एवढेच म्हणेन की ११० रुपये ही लूट आहे असे समजू नका. खिलार ही मुळात ओढकामाची जात असल्याने आमची गाय वासराचे भागवून दिवसाला दोन लिटर देते, तर बाजूची संकरित गाय १६ लिटर देते आणि दोघींची वैरण मात्र कापावीच लागते. गीर यांच्या मधे कुठेतरी बसते. देशी गाईचे दूध महाग पडते ते याच कारणाने. तेच कारण सरळ कार्डावर लिहिले असते तर मी त्या पोराला शाबासकी दिली असती.

उत्तर – गोधूली

वरील दोन्ही उत्तरे आदराने वाचली, तरीही माझा अनुभव नोंदवते. माझ्या सासूबाईंना वर्षानुवर्षे पिशवीच्या दुधाने त्रास होत असे आणि गावाहून देशी गाईचे दूध सुरू केल्यापासून तो थांबला. त्यांनी कोणतेही कार्ड वाचले नव्हते. प्रयोगशाळेतील आकड्यांइतकेच घरातल्या माणसाच्या पोटालाही महत्त्व द्यावे, असे मला वाटते.

उत्तर – दूधपरीक्षक

गोधूली ताई, सासूबाईंचा अनुभव मी नाकारत नाही. फरक जाणवणारी माणसे असतात, हे मी वर लिहिलेच आहे. फक्त दूध बदलताना त्याबरोबर आणखी काय काय बदलले, एवढे आठवून पाहावे. पेला लहान झाला का, दूध उपाशीपोटी घेण्याऐवजी न्याहारीबरोबर घेतले जाऊ लागले का, रात्रीचे दूध सकाळी आले का? माझ्या स्वतःच्या आईचा त्रास दुधाची जात बदलल्याने नव्हे, तर पोळीबरोबर कुस्करून खाल्ल्याने थांबला होता.

उत्तर – दक्षिणायन

मी ऑकलंडला राहते, जिथून हे सारे प्रकरण सुरू झाले. येथील बॉब इलियट या बालरोगतज्ज्ञांना १९९०च्या दशकात असे दिसले की न्यूझीलंडमध्ये वाढणाऱ्या सामोअन मुलांत पहिल्या प्रकारचा मधुमेह सामोआ बेटांवरील मुलांपेक्षा अधिक आढळतो. वंश तोच असताना फरक का पडावा, या विचारातून ते दुधापर्यंत पोचले आणि पुढे वेगवेगळ्या देशांतील ए१ दुधाचा खप आणि मधुमेहाचे प्रमाण यांची तुलना झाली. तुलना लक्षवेधी होती, पण देशांच्या सरासरीवरून माणसाच्या आजाराचे कारण ठरवता येत नाही. सधन देशांत दुधाबरोबर इतर शेकडो गोष्टींचा खप वाढलेला असतो. २००० साली कॉरन मॅकलाक्लन आणि हॉवर्ड पॅटर्सन यांनी ए२ दूध विकणारी कंपनी येथे स्थापन केली. न्यूझीलंडच्या अन्नसुरक्षा यंत्रणेसाठी २००४ साली झालेल्या आढाव्यात ही कल्पना दखलपात्र ठरवली गेली, परंतु लोकांना दूध बदलण्याचा सरकारी सल्ला देण्याइतका पुरावा त्यात दिसला नाही.

आता दुकानात दोन्ही दुधे एकाच फळीवर शेजारी असतात, आणि गंमत अशी की दोन्ही बव्हंशी त्याच पांढऱ्या-काळ्या किंवा तांबूस युरोपीय गाईंची असतात. येथे ए२ म्हणजे देशी गाय नव्हे, तर तपासून वेगळा काढलेला कळप. भारतातून आलेले पाहुणे या दुधाची बाटली पाहून हे गीरचे का असे विचारतात, तेव्हा काय उत्तर द्यावे ते सुचत नाही.

उत्तर – पथ्यपाणी

मी आहारतज्ज्ञ आहे आणि एका मुद्द्यावर सावध करू इच्छिते, कारण हा धागा लहान मुलांचे पालकही वाचत असतील. लॅक्टोज न पचणे ही एक गोष्ट आहे आणि दुधातील प्रथिनांची ॲलर्जी ही दुसरी. ज्या बाळाला गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे, म्हणजे दुधानंतर अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, उलट्या होतात किंवा शौचातून रक्त जाते, त्याला ए२ दूध सुरक्षित समजून देणे धोक्याचे आहे. ॲलर्जी असणाऱ्याचे शरीर केवळ ६७व्या मण्याला नव्हे, तर त्या प्रथिनांच्या अनेक भागांना ओळखते, आणि म्हणूनच म्हशीचे व बकरीचे दूधही अशा मुलांना बहुधा चालत नाही. एक वर्षाच्या आतील बाळाला गाई-म्हशीचे वा बकरीचे कोणतेही दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये.

गोदाकाठ काका, आपल्या वयात त्रास नव्याने वाढला, वजन उतरले किंवा शौचात रक्त दिसले, तर दुधाचा प्रयोग बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे. तसे काही नसेल तर श्वासातील हायड्रोजन मोजण्याची एक सोपी चाचणी असते, तिच्यातून लॅक्टोजचा निकाल लागतो. ती करायची नसेल तर तीन दुधे घरीच पारखता येतील. नेहमीचे, ए२ आणि लॅक्टोजविरहित अशी तिन्ही दुधे सारख्याच मापाने, सारख्याच वेळी, दहा-दहा दिवस घ्यावीत आणि कोणते चालू आहे हे घेणाऱ्याला कळू देऊ नये.

उत्तर – माणदेशी

एक राहिले. २१ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दूध आणि तुपाच्या वेष्टनांवरून ए१-ए२चे दावे काढून टाकायला सांगितले होते आणि पाचच दिवसांत तो आदेश अधिक चर्चेसाठी मागे घेतला. त्या पाच दिवसांत आमच्या भागातल्या ए२वाल्यांचे फोन लागत नव्हते.

उत्तर – गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सात आठवड्यांनी लिहीत आहे, कारण पथ्यपाणी ताईंनी सुचवलेला प्रयोग पूर्ण केला. मधले काही दिवस लग्नाच्या जेवणांमुळे वाया गेले, ते मोजलेले नाहीत.

पेले भरण्याचे काम सौभाग्यवतींनी अंगावर घेतले. पहिल्याच दिवशी अडचण अशी आली की लॅक्टोजविरहित दूध चवीला गोड लागते, कारण त्यातली साखर आधीच फोडलेली असते, आणि मी पहिल्या घोटातच ते ओळखले. मग तिने तिन्ही दुधांत चिमूटभर हळद आणि कमी-अधिक साखर घालायला सुरुवात केली. गीरच्या दुधाची साय जाड येते म्हणून तीही प्रत्येक वेळी काढून टाकली. २०० मिलिलिटरचे माप, स्टीलचा पेला, सकाळी साडेसहाची वेळ. मी फक्त कालनिर्णयच्या पानावर, जिथे आम्ही दूधवाल्याच्या खाड्यांची नोंद करतो तिथेच, त्रास झाला की फुली आणि नाही झाला की टिंब काढत असे. कोणत्या दिवशी कोणते दूध होते याची यादी तिने गव्हाच्या डब्यात लपवली होती.

यादी जुळवून पाहिली तेव्हा पिशवीच्या दुधाच्या दहा दिवसांत सात फुल्या होत्या, गीरच्या दहा दिवसांत सहा आणि लॅक्टोजविरहित दुधाच्या दहा दिवसांत एक. तीही एक फुली बहुधा आदल्या रात्रीच्या मिसळीची असावी. सात आणि सहा यांतला फरक हा फरक म्हणावा का, हे दूधपरीक्षक साहेबांना विचारले असता त्यांनी व्यक्तिगत निरोपात हसरा चेहरा पाठवला, तो मी उत्तर समजलो.

माणदेशी दादांच्या सांगण्यावरून बाटलीवाल्या तरुणाकडे तपासणीचे अहवालही मागितले. तो रागावला नाही. नऊपैकी सात गाईंचे अहवाल त्याने मोबाइलवर दाखवले. उरलेल्या दोन गाई नुकत्याच विकत आणल्या आहेत आणि त्यांचे केस पाठवायचे राहिले आहेत, असे त्याने सरळ सांगितले. विषाच्या वाक्याबद्दल विचारले तेव्हा कार्डे छापखान्याने तयार मजकुरानिशी दिली होती आणि हजार कार्डांतली चारशे अजून शिल्लक आहेत, असे म्हणाला.

सकाळचा पेला मी बंद केला आहे. त्याच्याकडून दिवसाआड अर्धा लिटर दूध मात्र घेतो, कारण त्याचे दही सुरीने कापावे असे घट्ट लागते आणि ते मला मुळीच बाधत नाही. तूप घरच्याच सायीचे कढवतो.